कॉइल कोणी पुरी केली?

अठ्ठेचाळीसपर्यंत ताईला नीट आठवत होतं. मग पोटात आतून लाथ बसली. हँडलवरचा हात फिरत राहिला, पण ओठ थांबले. पुन्हा मोजायला लागली तेव्हा तोंडात त्रेपन्न आलं. मधले फेरे खरंच झाले होते की नाही, कोण जाणे.

तिने हँडल सोडलं आणि साच्यावरची तांब्याची तार उलगडायला घेतली.

"अगं, राहू दे की," मालक म्हणाले. "दोन फेऱ्यांनी काय आभाळ कोसळणारे?"

"आभाळ नाही कोसळत, मोटर जळते. मग गिऱ्हाईक माझ्या नावाने खडे फोडतं, तुमच्या नाही."

मोटर दुरुस्तीच्या त्या दुकानात ताई अकरा वर्षं वाइंडिंग, म्हणजे फेरे मोजून तार गुंडाळायचं काम, करत होती. जळक्या मोटरी पुढच्या खोलीत उघडायच्या आणि मागे खिडकीपाशी, तिच्या टेबलावर, त्यांच्या नव्या कॉइल व्हायच्या. वाइंडिंगच्या कोर्सला ती वर्गात एकटीच मुलगी होती. दुकानात सगळेच तिला ताई म्हणत, तिच्या बापाच्या वयाचे मालकसुद्धा. तिचे ओठ हलत असले की कोणी बोलायचं नाही, हा तिथला नियम. मोजणी चुकली तर ती अंदाज करत नसे, पहिल्यापासून सुरू करी. अंदाजाने भरलेली मोटर चार दिवस छान चालते आणि मग तापते, असं ती म्हणे.

आठवा महिना लागल्यापासून मात्र हे उलगडणं रोजचं झालं होतं.

"ताई, या वेळी तरी कॉइल पुरी करून जा," दारातून गिरणीवाला म्हणाला. भुवयांवर पीठ तसंच. त्याची मोटर पुन्हा आली होती. "मागच्या बाळंतपणात माझी गिरणी दोन दिवस बंद पाडलीस."

"तुमची गिरणी एरवी तरी कधी वेळेवर उघडते, काका?"

मालक हसले. शाळेतून येऊन स्टुलावर बिस्किटं खात बसलेली ठिणगीही हसली. ठिणगी म्हणजे ताईची सहा वर्षांची मुलगी. हे नावही दुकानातच पडलेलं.

"तुला माहितीये का गं ठिणगे?" गिरणीवाल्याने मोर्चा तिच्याकडे वळवला. "तू झालीस तेव्हा तुझ्या आईने डोळे उघडले आणि पहिलं काय विचारलं? बाळ कसंय? छे! म्हणते कशी, गिरणीच्या मोटरची कॉइल कोणी पुरी केली?"

हा किस्सा सहा वर्षं फिरत होता. ताईचा नवरा लांब पल्ल्याची बस चालवायचा, तो तर प्रवाशांनाही ऐकवायचा. दर वेळी सगळे हसत आणि ताईही हसे. आजही हसली.

ठिणगी हसली नाही. "मग मी कुठे होते?" तिने विचारलं.

"तू? आजीकडे!"

घराच्या जिन्यात ठिणगी मधल्या पायरीवर थांबली. "तू तर सांगतेस की तू आधी मला घेतलंस. 'आलीस का गं बाई, किती वाट बघायला लावलीस,' असं म्हणालीस."

"हो ना."

"मग कॉइलचं कधी विचारलंस?"

"नंतर."

"काका तर म्हणाले, पहिलं."

"काका गंमत करतात गं."

ठिणगी उरलेल्या पायऱ्या चढून वर गेली. खोटं पकडलं गेलं की भांडता येतं. तिने पकडलंही नाही, नुसतं सोडून दिलं. ताईला ते जास्त लागलं.

खरं काय झालं होतं, ते ताईला आणि तिच्या सासूलाच माहीत होतं. सव्वीस तास कळा सोसल्यावर नर्सने गुंडाळलेलं बाळ पुढे केलं. "घ्या बाई, मुलगी आहे." ताई म्हणाली, "नको. घेऊन जा तिला." आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. मुलगी नको होती असं मुळीच नव्हतं. तिला काही वाटतच नव्हतं. वाटायला हवं ते आत्ता वाटेल, मग वाटेल, म्हणून ती वाट बघत होती आणि वाटत नाही म्हणून भेदरली होती. त्यातल्या त्यात ओळखीचं काय, तर अर्धी सोडून आलेली कॉइल. जाग आल्यावर तिने तेच विचारलं.

पुढे पाजायला बाळ कुशीत ठेवत, तेव्हाही ती भिंतीकडे बघे. झालं की सासू उचलून नेई. आपणहून तिने लेकीला उचललं ते अठराव्या दिवशी, सासू आंघोळीला गेलेली आणि बाळ रडून लाल झालेलं असताना. ताईने पुष्कळदा मोजलं होतं. सतरा दिवस. ते उलगडून पहिल्यापासून भरता येत नव्हते. अजूनही गुडघा फुटला की ठिणगी "आजी" म्हणूनच हाक मारायची.

सासू पलंगावर जुन्या झबल्यांचं गाठोडं सोडून बसली होती.

"आई, गिरणीवाल्याने आज ते ठिणगीसमोर सांगितलं."

"कॉइलचं? ते तर मीच गावभर केलंय."

"का केलंत पण?"

"बाळंतीण बाळाला हात का लावत नाही, असं कोणी विचारलं असतं तर काय सांगणार होते? माणसं हसली की पुढचं विचारत नाहीत." सासूने एक झबलं उजेडात धरलं, डाग पाहिला आणि बाजूला टाकलं. "एक सांगू? रागावू नकोस. तू नको म्हणालीस तेव्हा मला वाईट वाटायला हवं होतं. पण मला बरं वाटलं गं. माझे दोन्ही मुलगेच. मुलगी हातात आली आणि मी ती खाली ठेवलीच नाही."

"तुम्ही होतात म्हणून ती जगली, आई."

"ते मला नको सांगूस. दुसऱ्या दिवशी तू हात पुढे केला होतास."

"मी?"

"हां. पडल्या पडल्या, असा. मी पाहिला. आणि म्हटलं, झोप तू, दमलीस."

ताईला तो हात आठवेना. सहा वर्षं तिने स्वतःला जे जे म्हटलं होतं, त्यात हा हात कुठेच नव्हता. सासूवर ओरडावं असं तिला वाटलं. पण सासू मान खाली घालून घडी केलेल्याच झबल्याची पुन्हा घडी करत होती.

"आजी, कुठला हात?" ठिणगी दारात उभी होती.

सासूने ताईकडे पाहिलं. आता एखादा विनोद केला असता तर निभावलं असतं.

"इकडे ये," ताई म्हणाली. "मी तुला नेहमी सांगते ती गोष्ट खरी नाही. तू झालीस तेव्हा मी तुला घेतलं नाही. नको म्हणाले. आजीने घेतलं."

"मी घाण होते?"

"नाही गं! तू छान होतीस. मलाच काही कळत नव्हतं. मी फार दमले होते आणि घाबरले होते."

"मग कधी घेतलंस?"

"अठराव्या दिवशी."

ठिणगीने थोडा वेळ बोटं मोजली. ती पुरली नाहीत. "या वेळी पण दमशील?"

"दमेन."

"मग बाळाला मी घेईन," ती मोठ्या माणसासारखी म्हणाली. "तू झोप."

सासूचे हात थांबले.

"नाही," ताई म्हणाली. "मलाच द्यायचं. मी नको म्हटलं तरी माझ्याजवळच ठेवायचं. दोघींनीही ऐकून ठेवा."

"आणि तू भिंतीकडे तोंड केलंस तर?" सासूने विचारलं.

"तर भिंतीच्या बाजूला ठेवायचं."

ठिणगीला हे पटलं. मान हलवून ती नेहमीसारखी आजीच्या मांडीवर जाऊन बसली. ताईने हात पुढे केला. सासू या वेळी गप्प राहिली.

ठिणगीने त्या हाताकडे पाहिलं, गाठोड्यातून एक झबलं उचललं आणि घडी घालायला आईच्या हातात ठेवलं.