उभं राहून, तोंड समोर करून

भूगोलाच्या सरांना मुलं मागून 'हवालदार' म्हणायची आणि त्यात चुकीचं काहीच नव्हतं. त्यांच्या तासाला बसल्या जागेवरून बोलायची सोय नव्हती. उभं राहायचं, तोंड सरांकडे करायचं, सावकाश आणि स्वच्छ बोलायचं. दोघं एकदम बोललेली तर मुळीच खपायची नाहीत. माझ्या तासाला वर्गाचा बाजार व्हायचा आणि यांच्या तासाला टाचणी पडली तरी ऐकू यावी, याचा मला भारी राग यायचा.

मी चित्रकला शिकवते. शिक्षकखोलीत माझं टेबल सरांच्या डाव्या हाताला. मी काही विचारावं आणि या गृहस्थांनी ढिम्म बसून राहावं, हे नेहमीचंच. समोर जाऊन उभी राहिले की मात्र हसून चार वाक्यं जास्तच बोलायचे. लहरी माणूस, शिवाय शिष्ट, असं माझं ठाम मत होतं. पण एका दमात खडूने अख्ख्या खंडाचा किनारा काढायचे, तेव्हा मला, चित्रकलेच्या बाईला, हेवा वाटायचा.

मग डिजिटल फळे आले. आमच्या मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, बैठकीत सांगून टाकलं, "प्रत्येकाने नव्या फळ्यावर एक तास घेऊन दाखवायचा. मी मागे बसणार. ज्यांना वर्ग सांभाळता येणार नाही त्यांनी परीक्षेचं काम बघायचं, खाली ऑफिसात."

सर ताडकन उठले. "पडदे ओढून अंधार केला की मुलं झोपतात. मला नको तो फळा!"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. म्हातारपणी नवं शिकायचा कंटाळा, दुसरं काय! पण फळा ते माझ्याआधी शिकले. नकाशा मोठा करणं, नदीवर बोट फिरवून रंग भरणं, सगळं. एकच पालुपद चालू होतं, "बाई, दिवे चालू ठेवले तर चालेल ना?"

"मग फळ्यावर दिसणार काय, कपाळ?" मी म्हटलं. आमच्या वर्गात ऊन असं येतं की अंधार केल्याशिवाय त्या फळ्यावरचं काही दिसत नाही.

पुढे त्यांनी मला जे सांगितलं ते इथेच सांगून टाकते. सरांना डाव्या कानाने काहीच ऐकू येत नव्हतं आणि उजव्याने जेमतेम. ते ओठ वाचायचे. म्हणून तर ती हवालदारी! कानाचं यंत्र घ्या म्हणून बायको कधीची मागे लागली होती, पण यंत्र दिसलं की वर्ग जाईल, या भीतीने ते मूग गिळून बसलेले. अंधारात ओठ कुठून दिसणार? आणि शिकवणं गेलं तर करायचं काय, हे त्यांना खरोखरच माहीत नव्हतं.

त्यांच्या तासाला मोठ्या बाई शेवटच्या बाकावर बसल्या. मी फळ्याजवळ, मदतीला. पडदे ओढले, दिवे मालवले. फळ्यावर निळी नदी वळणं घेत उतरली. सर बोलत होते तोवर छान चाललं. मग त्यांनी विचारलं, "नदी वळते तिथे बाहेरचा काठ जास्त का झिजतो?"

नेमकं तेव्हाच मी उजेड वाढवायला म्हणून फळ्याच्या कडेचं भलतंच बटण दाबलं. तिकडे मागच्या कोपऱ्यातून कोणीतरी उत्तर दिलं. त्याच आठवड्यात शाळेत आलेली मुलगी होती ती, आवाज अगदी बारीक, आणि बसूनच बोलली. सर उभेच. चेहऱ्यावर काही नाही. मोठ्या बाई पुढे सरकून बघायला लागल्या. सरांनी टेबलाची कडा घट्ट धरलेली मला दिसली.

आणि फळ्याच्या तळाशी अक्षरं उमटली: बाहेरच्या बाजूला पाणी जोरात धावतं म्हणून.

मी दाबलेलं बटण वर्गातलं बोलणं लिहून दाखवायचं होतं. सरांनी वाचलं. पुन्हा वाचलं. "बरोबर," ते म्हणाले.

इतक्यात त्या मुलीची शेजारीण तिच्या कानाला लागली. मुलांची कुजबुज म्हणजे अर्धी आरोळीच. फळ्याने तीही सोडली नाही: उभी राहून बोल ना. तोंड सरांकडे कर. त्यांना कमी ऐकू येतं. आम्ही सगळे असंच बोलतो.

मी मोठ्या बाईंकडे पाहिलं. आता संपलं.

सरांनी हळूच विचारलं, "हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

पहिल्या बाकावरचा मुलगा उठला, तोंड समोर केलं. "माझ्या ताईने, सर. ती तुमच्या वर्गात होती. तिला तिच्या आधीच्यांनी सांगितलेलं. बाहेर बोलायचं नाही, असंपण."

सर टेबलाच्या कडेवर टेकले. इतकी वर्षं जिला ते आपली शिस्त समजत होते, ती मुलांनी त्यांची घेतलेली काळजी होती. मला भरून आलं. माझ्या तासाला वर्गाचा बाजार का भरतो, तेही कळलं. मला ऐकू येतं ना!

शेवटच्या बाकावर हालचाल झाली. मोठ्या बाई उभ्या राहिल्या. तोंड सरांकडे केलं आणि मुलांसारखंच सावकाश, स्वच्छ बोलल्या. फळ्यावर अक्षरं आली: सर, एवढंच होतं तर आधी सांगायचंत. आम्ही तुम्हाला शिष्ट समजत होतो. हा वर्ग तुमचाच आहे. तास पुढे चालू द्या.

माझा जीव भांड्यात पडला. सरांनी डोळे पुसले, खाकरले, आणि मागच्या कोपऱ्याकडे वळले. नवी मुलगी आता उभी राहून हात वर करून थांबली होती.

"बस गं," सर म्हणाले. "बसूनच विचार."