भिकाजी मेस्ताची बिनफासळ्यांची पेटी

वालावलच्या खाडीवर भिकाजी मेस्ताने उभ्या आयुष्यात तीसेक होड्या बांधल्या, आणि एकीनेही कधी पाणी घेतलं नाही. कामाच्या बाबतीत हा माणूस नाकावर माशी बसू देत नसे. होडी पाण्यात लोटायची तिथी ठरली म्हणजे ठरली, मग घरात कुणी कितीही आजारी असो. त्या हट्टापायीच एक गोष्ट होऊन बसली.

अठ्ठावन्न साली बायको रुक्मिणी तापाने फणफणली होती. भिकाजी म्हणाला, एवढी होडी लोटतो नि तुला कुडाळला डॉक्टरकडे नेतो. त्यात दोन दिवस गेले. रुक्मिणी वाचली, पण दोन्ही कान गेले. डॉक्टर एवढंच म्हणाले, "लवकर आणायला हवं होतं."

बाई भजनवेडी. लक्ष्मीनारायणाच्या देवळातलं एक भजन तिने कधी चुकवलं नव्हतं. आता ती जायची, हात जोडायची आणि टाळ वाजायच्या आत उठून घरी यायची. नवऱ्याला मात्र एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. निदान मेल्याला माफी मागायला तोंड तरी फुटलं असतं.

चार वर्षांनी पुतण्या सत्यवान मुंबईहून आला. तिकडे तो रेडिओच्या दुकानात कामाला होता. वाडीत वीज नव्हती, म्हणून बॅटरीवरचा रेडिओ आणि जेवणाच्या ताटाएवढा एक स्पीकर घेऊन आला.

"काका, ह्येका पेटी व्हयी," तो म्हणाला. "पाठ बाकदार कर. आणि पेटी थरथरूक नको, आवाज बिघडता."

बाक काढायला भिकाजीला कुणी शिकवायला नको होतं. पण त्याचा जीव गुंतला होता भलतीकडेच. एवढा मोठा आवाज, त्यातला थोडा तरी रुक्मिणीच्या कानात शिरेल, ही वेडी आशा. कुणाजवळ बोलला मात्र नाही.

फणसाच्या पातळ फळ्या भिजवून, निखाऱ्यांवर शेकून त्याने वाकवल्या आणि पडवीत पेटी उभी केली, उभ्या ठेवलेल्या होडीसारखी. होडीला असतात तशा आतून घट्ट धरणाऱ्या फासळ्या तेवढ्या बसवायच्या राहिल्या होत्या. सकाळी सत्यवानाने स्पीकर जोडून रेडिओ लावून पाहिला. भजन लागलं होतं, पण पेटी नुसती गुरगुरत होती. दोघांनी तोंडं वाकडी केली. तेवढ्यात रुक्मिणी चहा घेऊन आली. पेला खाली ठेवताना तिचा तळहात पेटीच्या पाठीवर टेकला आणि तिथेच राहिला. मग तिची बोटं ताल धरू लागली.

"भजन लागलां?" तिने विचारलं.

भिकाजीने मान डोलावली. ती तिथेच बसली, चहा निवून गेला.

आता शहाण्या माणसाने पेटीला पुन्हा हात लावला असता का? पण त्याला वाटलं, अर्धवट पेटीत एवढं कळतंय, तर पुऱ्या पेटीत शब्दसुद्धा ऐकू येतील. शिवाय बिनफासळ्यांचं काम हातावेगळं करणं त्याच्या रक्तातच नव्हतं.

आठ दिवस तो राबला. सात फासळ्या, एकेक आतल्या बाकाला तासून तासून बसवलेली. त्यांच्यामधून आडव्या दांड्या, वर लाकडी खुंट्या. पेटी दगडासारखी घट्ट झाली. नवव्या दिवशी सकाळी सगळी वाडी पडवीत जमली. आवाज असा स्वच्छ लागला की शेजारची काशीबाई म्हणाली, "देवळात बसल्यासारख्यां वाटता." भिकाजी सुखावला. त्याने रुक्मिणीचा हात धरून पेटीवर ठेवला.

ती वाट पाहत राहिली. मग दुसरा हात ठेवला. मग कपाळ टेकलं.

"बंद झालां काय?"

भजन तर ऐन रंगात आलं होतं.

तेव्हा कुठे भिकाजीच्या डोक्यात प्रकाश पडला. तिला ऐकू आलं होतं ते त्या थरथरीतून, आणि तीच त्याने आठ दिवस खपून मारली होती. काम पुरं करायच्या नादात पुन्हा एकदा. त्याने मोगरी आणि पटाशी आणली आणि पुढची फळी उतरवली.

"काका, वाटोळां होतलां सगळ्याचां," सत्यवान म्हणाला.

"होवंदे."

स्वतःचं काम त्याने आजवर कधी मोडलं नव्हतं. सातही फासळ्या त्याने एकेक करून फोडून काढल्या, तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. फळी परत बसवली. पेटी पहिल्यासारखी गुरगुरू लागली आणि लोक हळूहळू आपापल्या कामाला निघून गेले.

रुक्मिणी पेटीला टेकून बसली होती. बोटं ताल धरत होती. भिकाजी तिच्या शेजारी बसला, पेटीच्या पाठीला तोंड लावलं आणि चार वर्षं आत कोंडून ठेवलेलं बोलला.

"माझां चुकलां गो, रुक्मिणी."

तिची बोटं थांबली. तिने वळून त्याच्याकडे पाहिलं, बराच वेळ.

"मधीच काय बोलतास?" ती म्हणाली. "भजन ऐकूक दिया."