पुण्यात शिकलेलं जर्मन

पुण्यात मी तीन वर्षं जर्मन शिकले, कारण नवऱ्याला जर्मनीचं पोस्टिंग मिळणार होतं. मिळालं योकोहामा. घोकलेलं सगळं तसंच पडून राहिलं.

इथे मी एका वृद्धाश्रमात पार्ट-टाइम काम करते. जेवण भरवणं, चादरी बदलणं. तिथे नव्वदी ओलांडलेल्या एक जर्मन आजी आहेत. साठ-सत्तर वर्षं जपानी बोललेल्या या बाईंच्या डोक्यातून स्मृतिभ्रंशाने जपानी पार पुसलं गेलंय. उरलंय ते जर्मन, आणि ते तिथे कुणालाच कळत नाही. मी मात्र बक्षीस लागल्यासारखी खूष झाले.

पहिल्या महिन्यात त्यांचं तरुणपण तुकड्यातुकड्यांनी ऐकलं. युद्ध संपलं तेव्हा त्या सतरा वर्षांच्या होत्या. छप्पर उडालेल्या सभागृहांत अंगात कोट घालूनच गायच्या, बिदागी म्हणून बटाटे मिळायचे. पुढे एका बँडबरोबर बोटीने निघाल्या. मुंबईच्या हॉटेलात दोन महिने गायल्या, तिथला उकाडा त्यांना अजून आठवतो. मग हाँगकाँग, मग योकोहामा. इथे पियानो वाजवणाऱ्या एका जपानी माणसाशी लग्न केलं आणि प्रवास थांबला. निघताना आईला स्टेशनवर सांगितलं होतं, सहा महिन्यांत येते. त्या परत गेल्याच नाहीत.

रोज दुपारी त्या विचारायच्या, आईचं पत्र आलं का? कामावरच्या जपानी मुली काही न समजता हसून मान डोलवायच्या. तेवढ्यावर आजी समाधानाने उशीला टेकायच्या आणि हळू आवाजात गायला लागायच्या. आवाज फाटलेला, पण सूर पक्का.

आई केव्हाच वारल्याचं त्यांच्या फाइलमध्ये लिहिलेलं होतं. मला ते मान डोलवणं सहन होईना. माणसाशी त्याच्या भाषेत बोलता येतं तर खरंच बोलावं, असं माझं मत. नसता शहाणपणा. एका दुपारी त्यांचा हात हातात घेऊन, व्याकरणाची एकही चूक न करता मी म्हणाले, "तुमची आई वारली. फार वर्षं झाली."

"मला कुणी कळवलं कसं नाही?" त्यांनी विचारलं. मग तोंड उघडं ठेवून, आवाज न करता रडत राहिल्या. जेवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्या ते विसरल्या होत्या. तरी मी दिसताच अंग चोरायला लागल्या. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. गाणं थांबलं ते थांबलंच. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. मुख्य नर्सने शांतपणे सांगितलं, यापुढे त्यांच्याशी फक्त जपानीत बोला.

परवा भरवताना आजींनी माझी बाही धरली. मधल्या दिवसांसारख्या घाबरलेल्या नव्हत्या. मी कोण, हेच आता त्यांना आठवत नाही.

"इथे जर्मन कुणालाच येत नाही का?" त्यांनी विचारलं.

मला शब्द न् शब्द कळला. समजलं नाही, असं मी जपानीत म्हणाले आणि पुढचा घास दिला.