डुकरिणीची लस

मंडणगडच्या एसटीत एक बाई माझ्या शेजारी बसली, मांडीवर थर्माकोलचा डबा घेऊन. ऊन आलं की डब्यावर पदर ओढायची, खड्डा आला की दोन्ही हातांनी तो अलगद उचलून धरायची. मी विचारलं, "सुरमई का?"

"नाय गो बाय, लस हाय. माझ्या डुकरिणीची."

"रोग आलाय का?"

"रोग नाय. तिला दोन-तीनच पिल्लं होतात. अंगातलं एक हार्मोन जास्त बीजं पिकू देत नाय, त्याला ही लस आवरते म्हणे. डॉक्टर बोलले, करून बघू. घरचे तर तिला विकायलाच टपलेत."

मग डब्यावर हात ठेवून म्हणाली, "सुई टोचताना मी तिचे कान कुरवाळत बसते. नायतर तिला वाटेल, जास्त पिल्लं होत नायत म्हणून मी रागावलेय."

मी हसले. ती हसली नाही.

"मला पोर होत नव्हतं, तेव्हा मलापण लय सुया टोचल्या. डोक्यावरनं हात कुणी फिरवला नाय."

'मग झालं का?' ती उतरेपर्यंत हा प्रश्न माझ्या ओठांवर होता. मी तो गिळला. तो तिला सगळ्यांनीच विचारला असणार.