परीक्षानळीतलं पांढरं

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षी मी पहिलटकरीण होते. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, बी.ए., सेकंड क्लास. हे सांगायला मी तेव्हा लाजत नव्हते, आजही लाजत नाही. पण वडनेरला सासरी आठवा महिना लागला, पाय चपलेत शिरेनात, बांगड्या मनगटात रुतायला लागल्या, तेव्हा ती बी.ए. काही कामाची नव्हती. सासूबाई मात्र खूश. "सून कशी भरली," म्हणायच्या.

उपकेंद्रातल्या नर्सबाईंनी माझी लघवी काचेच्या नळीत घेतली, नळी चिमट्यात तिरपी धरून वरचा भाग स्पिरिटच्या दिव्यावर तापवला. खालची लघवी स्वच्छ राहिली, वरची नासल्यासारखी पांढरी झाली. आंबट वासाच्या औषधाचे थेंब टाकले, तरी पांढरं गेलं नाही. मग त्यांनी रक्तदाब पाहिला, आणि त्यांचा आवाजच बदलला.

"आजच वर्ध्याले न्या. झटके आले तं माय बी जाईन अन् लेकरू बी."



"आठव्यात वेस ओलांडत नसतात, बाई," सासूबाई म्हणाल्या. "अन् तापवलं का काहीबी पांढरं होते. दुधावर साय नाई येत का?"

"आई, ते दूध आहे," मी म्हटलं.

"तू चूप राह्य. आली मोठी शिकलेली!"

त्यांनी रिकामी बाटली उचलली, मागच्या अंगाला गेल्या आणि भरून घेऊन आल्या. "घ्या, माह्यं उकळा. पाहू पांढरं होते का नाई."

"मावशी, तुमाले कितवा महिना?"

"मले नातवाचा चालू हाये. उकळा तुमी!"

नर्सबाई हसल्या, पण नळी तापवली. बुडबुडे आले. लघवी स्वच्छच. पुन्हा तापवली, तरी स्वच्छच. सासूबाई नळीकडे पाहत राहिल्या. मग माझ्याकडे पाहिलं आणि पदरानं तोंड पुसलं.

फाट्यावर निघालो. वेशीपाशी सासूबाईंनी मला थांबवलं, मूठभर माती उचलून माझ्या पदराला बांधली. "गाव तुह्यासंगच हाये आता. वेस ओलांडली नाई तू. चाल."

वर्ध्याच्या दवाखान्यात सकाळ-संध्याकाळ विचारत, डोकं दुखतं का, डोळ्यांपुढे काजवे चमकतात का? मग मला स्वतःच्या डोक्याचीच भीती वाटायला लागली. जरा ठणकलं की घाम फुटायचा. शेजारच्या खाटेवरची बाई बोलता बोलता ताठ झाली, दात खाऊ लागली. तिला पडद्याआड नेलं. ती खाट रिकामीच राहिली. कुणाला विचारायची माझी हिंमत झाली नाही.

एका सकाळी नळीतलं सगळंच घट्ट, पांढरं झालं. मला प्रसूतीच्या खोलीत नेलं. भिंतीवरची अक्षरं फुटून दोन-दोन दिसत होती. त्यानंतरचं मला आठवत नाही.

जाग आली तेव्हा कुठेतरी बारीक रडणं ऐकू येत होतं. दाराबाहेर सिस्टर म्हणाली, "आजी, मुलगी झाली. लहान आहे, पण..."

"ते मंग सांगा. सून बोलून राह्यली का?"

मला ओरडून सांगायचं होतं, "आई, आहे मी." जीभ वळेना. ती सुजून तोंडभर झाली होती, दातांखाली चावली गेलेली. झटका येऊन गेला होता.


"नाई ना बोलून राह्यली?" बाहेरून पुन्हा सासूबाईंचा आवाज आला. मी हात उचलला आणि मनगटात रुतलेल्या बांगड्या खाटेच्या लोखंडावर वाजवल्या.