देवीपाशी अडकलेला गडी

हो म्हणून काम न करणारी माणसं जगात पुष्कळ आहेत. हो म्हणून, काम अगदी चोख करूनही समोरच्याला वेड लावणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा धाकटा भाऊ निघाला. हा माझा मेव्हणा भिवपुरीजवळच्या गावात, घराच्या ओटीवर बसून, लोकांना वेबसाइट बनवून देतो. एक लॅपटॉप, एक टेबलफॅन आणि नेटवर्क गेलं की चढायला दारातलं पेरूचं झाड, एवढंच त्याचं ऑफिस. धंदा उत्तम चालतो आणि धंद्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार ही आहे, की त्याच्या वेबसाइट जशा चालतात तसाच तो स्वतःही चालतो.

ते कसं, हे त्याने एकदा शिळफाट्याला माझ्या हार्डवेअरच्या दुकानात बसून मला समजावलं होतं. "दाजी, वडापावच्या दुकानात गल्ल्यावरचा माणूस काय करतो? ऑर्डर घेतो नि मोकळा होतो. वडे मागं तळतात. माझं बी तसंच. साइटवर कोणी निरोप टाकला की लगेच सांगायचं, 'घेतलं'. मग निरोप रांगेत लावायचा. मागं एक गडी बसवलेला हाय, तो रांगेतनं एकेक उचलतो नि पाठवतो. गिऱ्हाईक खोळंबत नाय." हा गडी म्हणजे हाडामासाचा माणूस नव्हे, त्यानेच लिहिलेला प्रोग्राम. गिऱ्हाईक खोळंबत नसेलही, पण मी त्याचा दाजी आहे आणि मी लग्न झाल्यापासून खोळंबलेला आहे.

त्याला काहीही सांगा, तुमचं वाक्य संपायच्या आत तो "घेतलं" म्हणतो. ऐन मे महिन्यात आमचा पंखा बंद पडला तेव्हाही म्हणाला. पंखा दुरुस्त झाला तेव्हा आम्ही गोधड्या काढल्या होत्या. मधल्या काळात मी ओरडलो, रुसलो, शेवटी विनवण्या केल्या. "तुमच्याआधी मावशीचा मिक्सर हाय," एवढंच उत्तर. ज्याने आधी सांगितलं त्याचं आधी, मग तो सख्खा असो नाहीतर परका. बरं, आठवण करायचीही चोरी. बायकोने त्याला सुके बोंबील आणायला सांगितले आणि तो विसरेल म्हणून संध्याकाळी पुन्हा सांगितले. त्याने दोनदा आणले. आमचं घर आठवडाभर असं घमघमत होतं की शेजाऱ्यांचं मांजर आमच्याकडेच राहायला आलं. "ताई, तू दोनदा सांगितलंस," तो शांतपणे म्हणाला. या शांतपणाला माझ्याकडे आजही औषध नाही.

आमच्या लेकीचं, मनूचं, लग्न कशेळ्याच्या हॉलवर ठरलं. लग्न अगदी तोंडावर आलं आणि हॉलजवळची विजेची डीपी जळाली. वीज नाही, पाणी चढत नाही. धावपळ करून कर्जतजवळ दुसरा हॉल मिळवला. व्याह्यांना आणि जवळच्यांना मी फोन केले. बाकी सगळ्या पाहुण्यांना निरोप पाठवायचं मेव्हण्याने अंगावर घेतलं. माझ्यादेखत त्याने यादी भरली, बटण दाबलं, पडद्यावर 'घेतलं' असं उमटलं. मी निश्चिंत झालो. मला स्वतःला निरोप आला नाही, पण मुलीच्या बापाला कोण आमंत्रण पाठवतं!

लग्नाच्या सकाळी माझ्या लांबच्या चुलत्यांचा फोन आला. "अरं, आमी कशेळ्यात उभं हाय. हॉलला कुलूप हाय. लग्न हाय का नाय?" पाठोपाठ दुसरा, तिसरा. मी मेव्हण्याला कोपऱ्यात गाठलं. त्याने लॅपटॉप उघडला आणि त्याचा चेहरा उतरला.

"दाजी, गडी आईपाशी अडकलाय."

आई म्हणजे आमची ग्रामदेवी. कार्यातलं पहिलं आमंत्रण तिला, ही आमची रीत. बायको भावाला म्हणाली होती, की जागा बदलली तेही पहिलं देवीलाच कळव. त्याने तिचं नाव रांगेत पहिलं लावलं. नंबराशिवाय साइट पुढे जाऊ देईना, म्हणून देवळातल्या फोनचा नंबर घातला. तो फोन बंद पडून किती वर्षं झाली हे देवीलाच ठाऊक.

"पण लागत नसेल तर गड्याने पुढे जायचं ना!" मी ओरडलो.

"बाकीच्यांसाठी तसंच हाय. दोन-तीनदा नाय लागला की निरोप बाजूला ठेवायचा. पण आईला बाजूला बसवून पुढं जायचं, दाजी? ते मी काढून टाकलं होतं."

म्हणजे तो गडी दोन दिवस आणि दोन रात्री देवीलाच फोन लावत बसला होता आणि त्याच्यामागे आमचं सगळं गणगोत रांगेत ताटकळत होतं. मी त्याला काय काय बोललो ते इथे छापता येणार नाही. त्याने चपला काढल्या, लॅपटॉपला हात जोडून देवीची क्षमा मागितली, तिचा निरोप बाजूला ठेवला आणि बाकीचे सोडले. पण वाड्यांवरची माणसं केव्हाच जीपमध्ये बसली होती आणि वाटेत रेंज नाही. मी पुढचं बोलायच्या आत तो स्कूटर काढून कशेळ्याला निघून गेला.

कुलूप लावलेल्या फाटकापुढे भर उन्हात उभा राहून तो येणारी प्रत्येक जीप कर्जतकडे वळवत होता. पाहुणे येऊ लागले, हॉल भरू लागला, आणि भटजींनी पुकारा केला, "मामांनी मुलीला घेऊन यावं." मामा कुठे होता! मी फोन केला. "अजून एक जीप यायची हाय, दाजी. ती सोडून कसा येऊ? दुसऱ्या कोणाला तरी उभं करा." मुहूर्त टळत चाललेला, भटजी घड्याळ बघताहेत, व्याही माझ्याकडे बघताहेत. चुलत मामा पुढे झाला, पण मनू जागची हलेना. मुंडावळ्या सावरत तिने माझ्या हातातून फोन घेतला आणि स्पीकर लावला.

"मामा, तुझ्याकडे सगळ्यात जुनं काम कोणाचं पडलंय?"

उत्तराची वाट न बघता तीच पुढे बोलली.

"मी बालवाडीत होते. तू मला खांद्यावर घेऊन जत्रेला नेलं होतंस. तेव्हा मी तुला सांगितलं होतं, मांडवात मला तूच न्यायचं. मी पुन्हा कधी आठवण केली नाही, मामा."

फोनवर मामाच्या मागून आवाज आला, कशेळ्याच्या हॉलसमोरच्या बेकरीवाल्या चाचांचा. "तू जा रं. जीप येऊ दे, मी सांगतो तिला. मी हाय हितं."

तो आला तेव्हा धुळीने माखलेला होता. मुहूर्ताचं कोणी नाव काढलं नाही. त्याने तोंडावर पाणी मारलं आणि मनूचा हात धरून तिला मांडवात आणलं. शेवटची जीप मंगलाष्टकं चालू असताना पोहोचली. मी पहिल्यांदाच त्याच्यावर चिडायचं विसरून गेलो.

पाठवणी झाली, पाहुणे पांगले. मांडवातल्या एका खुर्चीवर तो एकटाच बसला होता, हात मांडीवर ठेवून. मी शेजारी जाऊन बसलो. सकाळचं सगळं बोलणं परत घ्यावं असं मनात होतं, पण जमेना.

"गाडीत बसताना मला काहीतरी सांगणार होती," तो म्हणाला. "तोंड उघडलं तिनं. मग म्हणाली, काय नाय मामा, राहू दे."

मी त्याच्याकडे पाण्याची बाटली सरकवली.

"आता तिला काय हवं-नको ते तिकडंच सांगेल ना, दाजी? तसंच पायजे म्हणा." त्याने डोळे पुसले. "पण सवय होती."

मांडववाला खुर्च्या गोळा करत आमच्यापर्यंत आला आणि आम्हाला बघून दुसऱ्या ओळीकडे वळला.