गिरजाबाईचं अकडू शिसं

कारध्याच्या गिरजाबाईने सासू, दोन सरपंच आणि नवऱ्याची दारू, सगळ्यांना सरळ केलं होतं. शिशाने मात्र तिला पाणी पाजलं.

वैनगंगेवरच्या मासेमारांच्या जाळ्यांना लागणाऱ्या शिशाच्या गोळ्या ती तीस वर्षं ओतत आली होती. शिसं यायचं भूपेंद्रच्या भंगार दुकानातून, मेलेल्या बॅटऱ्यांचं. मग भंडाऱ्यात ई-रिक्षा बकऱ्यांसारख्या बोकाळल्या आणि बॅटऱ्या बनवणारी कंपनी भूपेंद्रच्या दारात ट्रक लावू लागली.

"मावशी, तुले आता कुठून देऊ? सारं कंपनीच नेऊन राहिली."

"मंग मासोळ्या का चार्जर लावून पकडाच्या?" असं म्हणून तिने तडक अड्याळची बस धरली.

तिथे भय्याजींचा छापखाना नव्या ऑफसेट छपाईने कधीच बंद पाडला होता. शिशाचे खिळे, म्हणजे छपाईचं एकेक अक्षर, पेट्यांत धूळ खात पडले होते.

"हे अक्षरं हायेत, बाई. सरस्वती हाय!"

"सरस्वतीवर झुरळं हागून राहिले, भय्याजी. तिले नदीवर तरी फिरवतो."

भय्याजी हसले आणि तिथेच हरले. 'श्री' तेवढे त्यांनी ठेवून घेतले. बाकी 'चि.', 'सौ. कां.' आणि पडलेल्या उमेदवारांचं 'प्रचंड बहुमत' पोत्यात गेलं.

अंगणात, वाऱ्याकडे पाठ करून तिने सगळं वितळवलं. गोळ्या देखण्या उतरल्या. पण मासेमार अंकुशने गोळीच्या चिरेत जाळ्याची दोरी घालून ती चिमट्याने दाबली, तर गोळी तडकली. दुसरीही. दहावीही.

"काकू, हे शिसं लय अकडू हाय!"

छापखान्याचं शिसं मऊ नसतं. भय्याजींना ते ठाऊक होतं. हिने विचारलंच नव्हतं.

दोन दिवस तिने गोळ्यांना शिव्या घातल्या. तिसऱ्या दिवशी नवऱ्याची छत्री मोडली, तिची काडी साच्यात आडवी घातली आणि गोळी भोकासकटच ओतली. दाबायचं कामच नाही, नुसती ओवायची.

"माही छत्री!" गोपीचंद ओरडला.

"पाऊस कुठी पडून राहिला?"

या कडक गोळ्या खडकांवर घासूनही झिजेनात. पवनीपर्यंतचे मासेमार त्याच मागू लागले.

यंदा रिक्षावाले लिथियमच्या बॅटऱ्यांकडे वळले. कंपनीचा ट्रक महिन्याकाठी एकदा येऊ लागला आणि भूपेंद्र पोतं घेऊन गिरजाबाईच्या दारात हजर झाला.

"मावशी, नरम शिसं हाय. घेते काय?"

तिने त्याला बिनसाखरेचा चहा पाजला. "ठेव कोपऱ्यात. पाहीन."

तो गेल्यावर तिने नखाने शिसं कोरून पाहिलं. लोणी! संपत आलेले खिळे पुरावेत, म्हणून त्यांत हे थोडं मिसळून पाहायला तिने गोपीचंदला भट्टी पेटवायला पिटाळलं.